मूल्य की संदर्भ? : फंक्शनला माहिती देण्याच्या पद्धतींच्या अध्यापनाची एक समीक्षा

सारांश

पदवी स्तरावरील प्रोग्रॅमिंगच्या अध्यापनात ‘कॉल बाय व्हॅल्यू’ आणि ‘कॉल बाय रेफरन्स’ यांतील फरक बहुधा चार मुद्द्यांच्या तक्त्याने शिकवला जातो. प्रस्तुत लेखात या तक्त्याची सी, जावा, पायथन, सी शार्प व आर या भाषांच्या प्रत्यक्ष वर्तनाच्या आधारे तपासणी केली आहे. ‘रेफरन्स’ या एकाच शब्दाखाली दोन स्वतंत्र प्रश्न एकत्र झाल्यामुळे हा तक्ता विद्यार्थ्याला प्रोग्रॅमच्या वर्तनाचे अचूक अनुमान करू देत नाही, असे लेखाचे प्रतिपादन आहे. हे दोन प्रश्न वेगळे करून शिकवण्याची आणि परीक्षेतील प्रश्नाचे स्वरूप बदलण्याची आवश्यकता शेवटी मांडली आहे.

बीजशब्द : फंक्शन, आर्ग्युमेंट, पॅरामीटर, पॉइंटर, कॉल बाय व्हॅल्यू, कॉल बाय रेफरन्स, प्रोग्रॅमिंगचे अध्यापन

१. प्रस्तावना

पेपर सी भाषेचा असो, जावाचा असो वा पायथनचा, एक प्रश्न विद्यार्थ्याची पाठ सोडत नाही : ‘कॉल बाय व्हॅल्यू आणि कॉल बाय रेफरन्स यांतील फरक स्पष्ट करा.’ या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. मध्ये एक उभी रेघ, डावीकडे चार विधाने, उजवीकडे चार विधाने. विद्यार्थी ते पाठ करतो, परीक्षक चारही ओळी पाहून पूर्ण गुण देतो आणि विषय संपतो. वर्षानुवर्षे वापरात राहिल्याने या तक्त्याला प्रमाणाचे रूप आले आहे. मात्र तो प्रत्यक्ष यंत्रासमोर टिकतो का, हे तपासण्याची गरज फारशी वाटलेली दिसत नाही.

अन्य विद्याशाखांतील वाचकांसाठी काही संज्ञा आधी स्पष्ट करणे इष्ट ठरेल. फंक्शन म्हणजे एखादे ठरावीक काम नेमून दिलेला प्रोग्रॅमचा स्वतंत्र भाग. चल, म्हणजे वर्गात आपण ज्याला व्हेरिएबल म्हणतो तो, मेमरीतील नाव दिलेला एक कप्पा होय. फंक्शनला काम सांगणारा भाग जी माहिती त्याच्या हवाली करतो ती आर्ग्युमेंट. आणि फंक्शनच्या आत ती ज्या नावाने स्वीकारली जाते ते पॅरामीटर. प्रश्न या हस्तांतरणाचा आहे. फंक्शनने आत केलेले बदल बाहेर, म्हणजे काम सांगणाऱ्याकडे, दिसतील की नाही? एवढ्या एका गोष्टीवर प्रोग्रॅमचे उत्तर बरोबर की चूक हे अनेकदा ठरते. त्यामुळे हा विषय परिभाषेच्या सोयीचा नसून अचूकतेचा आहे.

२. प्रचलित तक्त्याचे स्वरूप

विविध पाठ्यपुस्तकांत व मार्गदर्शकांत शब्दांचा थोडाफार फरक असला, तरी तक्त्याचा गाभा पुढीलप्रमाणे असतो.

(अ) व्हॅल्यू पद्धतीत मूल्याची प्रत पाठवली जाते. रेफरन्स पद्धतीत चलाचा पत्ता पाठवला जातो.
(आ) व्हॅल्यू पद्धतीत मूळ चलात बदल होत नाही. रेफरन्स पद्धतीत होतो.
(इ) व्हॅल्यू पद्धतीत मेमरी व वेळ जास्त लागतो. रेफरन्स पद्धतीत कमी.
(ई) साधे चल व्हॅल्यू पद्धतीने, तर सी भाषेतील ॲरे आणि जावामधील वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, रेफरन्स पद्धतीने पाठवल्या जातात.

यांपैकी दुसरे विधान एका मर्यादित अर्थाने बरोबर आहे. उरलेली तीन एकतर अर्धसत्य आहेत, नाहीतर चुकीची. ती एकमेकांत गुंतलेली असल्याने सी भाषेपासून आरंभ करणे सोयीचे होईल.

३. सी भाषेतील ‘रेफरन्स’

सी भाषेच्या वर्गात हा विषय अदलाबदलीच्या उदाहरणाने शिकवतात. क या चलात १० आणि ख या चलात २० आहेत. अदलाबदल करणाऱ्या फंक्शनला क आणि ख तसेच दिले, तर आतील दोन पॅरामीटरांची अदलाबदल होते. बाहेरचे क आणि ख जागच्या जागी राहतात. मग क आणि ख यांचे पत्ते पाठवले जातात, आत पॉइंटरच्या साहाय्याने त्या पत्त्यांवरील मूल्ये बदलली जातात, आणि बाहेर क मध्ये २० व ख मध्ये १० दिसू लागतात. या दुसऱ्या प्रयोगाला ‘कॉल बाय रेफरन्स’ असे नाव देऊन धडा पूर्ण होतो.

प्रयोग बरोबर आहे, नाव मात्र बरोबर नाही. ब्रायन कर्निघन व डेनिस रिची यांच्या १९७८ सालच्या मूळ ग्रंथातच सी भाषेतील सर्व आर्ग्युमेंट मूल्याने दिली जातात, हे स्पष्ट केलेले आहे. पत्ता पाठवला, तरी तो पत्ताही एक मूल्यच असतो आणि त्याचीही प्रतच जाते. अदलाबदलीच्या उदाहरणात हा भेद दिसत नाही, कारण तेथे फंक्शन पत्त्याला हात लावत नाही. पत्त्यावरच्या मूल्याला लावते.

हा भेद दिसतो तो पुढच्या वर्षी, डेटा स्ट्रक्चरच्या प्रात्यक्षिकात. साखळी यादीच्या म्हणजे लिंक्ड लिस्टच्या आरंभी नवा घटक घालणारे फंक्शन विद्यार्थी लिहितो. यादीच्या पहिल्या घटकाचा पत्ता ज्या पॉइंटरमध्ये आहे, तो पॉइंटर तो फंक्शनला देतो. आत नवा घटक तयार करतो, त्याला जुन्या यादीशी जोडतो आणि पॅरामीटरमध्ये नव्या घटकाचा पत्ता ठेवतो. बाहेर येऊन यादी छापतो, तर नवा घटक नाहीच. पहिल्या वर्षी शिकवल्याप्रमाणे ‘पॉइंटर पाठवला की रेफरन्स पद्धत, आणि रेफरन्स पद्धतीत मूळ चल बदलतो’ हे खरे असते, तर घटक दिसायला हवा होता. प्रत्यक्षात फंक्शनने बदलली ती पॉइंटरची प्रत. मूळ पॉइंटर बदलायचा असेल तर त्याचाही पत्ता, म्हणजे पॉइंटरचा पॉइंटर, द्यावा लागतो किंवा नवा पत्ता फंक्शनकडून परत घ्यावा लागतो. विद्यार्थ्याला हे दोन ताऱ्यांचे चिन्ह एक अनाकलनीय युक्ती म्हणून पाठ करावे लागते. वस्तुतः ‘सी मध्ये प्रत जाते’ या एकाच नियमाचा तो सरळ निष्कर्ष आहे.

ॲरेविषयीचे विधानही असेच आहे. ॲरे फंक्शनला दिला की त्याच्या पहिल्या घटकाचा पत्ता तेवढा जातो. म्हणून आतून घटक बदलता येतात आणि म्हणूनच फंक्शनच्या आत पॅरामीटरचा आकार विचारल्यास ॲरेचा नव्हे, तर पॉइंटरचा आकार मिळतो. तोच ॲरे एखाद्या स्ट्रक्चरच्या पोटात ठेवून ते स्ट्रक्चर पाठवले, तर संपूर्ण ॲरेची प्रत निघते आणि आतले बदल बाहेर दिसत नाहीत. ‘ॲरे रेफरन्सने जातो’ असा खास नियम मानणाऱ्याला हा विरोधाभास वाटेल. ‘जे काही पाठवले जाते त्याची प्रत जाते, आणि ॲरेच्या जागी पत्ता पाठवला जातो’ असे समजलेल्याला त्यात काहीही नवल नाही.

४. एका शब्दातील दोन प्रश्न

तक्त्याचा मूळ दोष येथे स्पष्ट होतो. हस्तांतरणाविषयी दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. पहिला : पॅरामीटर हा नवा कप्पा आहे की काम सांगणाऱ्याच्या कप्प्यालाच दिलेले दुसरे नाव आहे? दुसरा : त्या कप्प्यात प्रत्यक्ष मूल्य आहे की अन्यत्र असलेल्या वस्तूचा पत्ता? ‘रेफरन्स’ हा शब्द कधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून, तर कधी दुसऱ्याचे उत्तर म्हणून वापरला जातो; आणि ऐकणारा ही दोन्ही उत्तरे एकच समजतो.

वर्गात या विषयासाठी झेरॉक्स प्रत व मूळ प्रत असा दाखला दिला जातो. तो अपुरा पडतो, कारण त्यात दोनच गोष्टी आहेत आणि समजवायच्या आहेत तीन. त्याऐवजी जमिनीच्या कागदपत्रांचा दाखला अधिक उपयोगी ठरावा. मालकाने सातबारा उताऱ्याची प्रत कोणाला दिली आणि त्याने तिच्यावर खाडाखोड केली, तर दप्तरातील नोंद बदलत नाही. ही शुद्ध मूल्यपद्धती झाली. आता मालकाजवळ गट क्रमांक लिहिलेली एक चिठ्ठी आहे असे समजू. विहीर खणणाऱ्याने तो क्रमांक आपल्या चिठ्ठीवर उतरवून घेतला. त्या आधारे तो शेतावर जाऊन विहीर खणू शकतो आणि ती विहीर मालकालाही दिसते. मात्र त्याने स्वतःच्या चिठ्ठीवरील क्रमांक खोडून दुसरा लिहिला, तर मालकाच्या चिठ्ठीवर काहीही परिणाम होत नाही. तिसऱ्या स्थितीत मालकाने आपली चिठ्ठीच त्याच्या हाती दिली. आता त्याने क्रमांक बदलला, तर पुढच्या वेळी मालक स्वतःच भलत्या शेतात जाऊन उभा राहील.

दुसरी आणि तिसरी स्थिती यांत जो फरक आहे, तो प्रचलित तक्त्यात कोठेही बसत नाही. विहीर दोन्हींत दिसते. क्रमांकातील बदल केवळ तिसऱ्या स्थितीत दिसतो. सी मधील पॉइंटर, जावामधील वस्तू आणि पायथनमधील यादी ही सर्व दुसऱ्या स्थितीची उदाहरणे आहेत. खरी रेफरन्स पद्धती म्हणजे तिसरी स्थिती.

सी शार्प भाषेत या दोन प्रश्नांची चारही उत्तरे एकाच ठिकाणी पाहावयास मिळतात. तेथे साधी पूर्णांक संख्या नेहमीप्रमाणे दिली तर नव्या कप्प्यात मूल्य जाते. वर्गाची वस्तू नेहमीप्रमाणे दिली तर नव्या कप्प्यात पत्ता जातो. पूर्णांक ‘रेफ’ या शब्दासह दिला तर मूळ कप्प्यालाच दुसरे नाव मिळते आणि त्यात मूल्य असते. वस्तू ‘रेफ’सह दिली तर मूळ कप्प्यालाच दुसरे नाव मिळते आणि त्यात पत्ता असतो. मूल्यप्रकार व संदर्भप्रकार हा भेद डेटाच्या प्रकाराचा आहे. मूल्याने व संदर्भाने देणे हा भेद हस्तांतरणाचा आहे. या भाषेच्या अधिकृत दस्तऐवजांतही हे दोन भेद वेगळे मांडले आहेत. ‘रेफ’ हा शब्द व्याख्येत आणि फंक्शन वापरताना असा दोन्ही ठिकाणी लिहावा लागतो, त्यामुळे वाचणाऱ्याला चल बदलण्याची शक्यता जागच्या जागी कळते. सी प्लस प्लसमध्ये खरी रेफरन्स पद्धती आहे, पण तेथे वापराच्या ओळीवरून ती ओळखता येत नाही. व्याख्या शोधावी लागते.

मराठीत ‘रेफरन्स’साठी रूढ झालेला ‘संदर्भ’ हा प्रतिशब्दही या संभ्रमात भर घालतो. मराठी वाचकाला संदर्भ म्हटले की मागचा-पुढचा मजकूर किंवा ग्रंथाची नोंद आठवते. कप्प्याला दिलेले दुसरे नाव आठवत नाही. पहिल्या प्रश्नासाठी ‘दुसरे नाव’ आणि दुसऱ्यासाठी ‘पत्ता’ हे साधे शब्द वापरले, तर आशय कितीतरी लवकर पोहोचतो.

५. जावा आणि पायथन यांविषयीचा वाद

जावाबाबत वर्गात दोन परस्परविरोधी विधाने ऐकू येतात. एका पक्षानुसार साधे प्रकार मूल्याने आणि वस्तू संदर्भाने जातात. दुसऱ्या पक्षानुसार जावामध्ये सर्व काही मूल्यानेच जाते. केन अर्नोल्ड व जेम्स गॉस्लिंग यांच्या १९९६ सालच्या ग्रंथात दुसरा पक्ष निःसंदिग्धपणे मांडला आहे, आणि गॉस्लिंग हे या भाषेचे जनक असल्याने त्या मताला वजन आहे.

पहिला पक्ष तपासण्यासाठी एक साधी कसोटी पुरते. दोन वस्तू फंक्शनला द्याव्यात आणि आत पॅरामीटरांची अदलाबदल करावी. जावामध्ये बाहेर काहीही बदलत नाही. म्हणजे तिसरी स्थिती येथे नाही आणि पहिला पक्ष चुकीचा ठरतो. तरीही तो टिकून राहतो, याचे कारण विद्यार्थी निवडतो त्या प्रयोगांत आहे. तो ॲरे पाठवून त्याचा एक घटक बदलतो, बदल बाहेर दिसतो आणि ‘संदर्भाने’ असा निष्कर्ष तो काढतो. मग स्ट्रिंग पाठवतो, आत तिला नवे मूल्य देतो, बाहेर जुनेच दिसते आणि ‘स्ट्रिंग मात्र मूल्याने’ असा अपवाद नोंदवतो. वस्तुतः दोन्ही प्रयोगांत हस्तांतरण एकसारखेच झाले. पहिल्यात त्याने शेतात विहीर खणली. दुसऱ्यात आपल्या चिठ्ठीवरचा क्रमांक बदलला. जावाची स्ट्रिंग मुळात अपरिवर्तनीय असल्याने तेथे विहीर खणण्याची सोयच नाही, एवढाच फरक.

मात्र दुसऱ्या पक्षालाही पूर्ण गुण देता येत नाहीत. ‘सर्व काही मूल्याने’ हे विधान खरे असले, तरी ज्याच्या मनात ‘मूल्याने म्हणजे वस्तूची प्रत’ असे ठसलेले आहे, तो त्यावरून नेमके उलटे अनुमान करील. आपली यादी फंक्शनच्या हाती सुरक्षित आहे असे तो समजेल. विधान खरे असूनही दिशाभूल होते, कारण कोणते मूल्य हे त्यात सांगितलेले नाही. जावामध्ये जाणारे मूल्य हा वस्तूचा पत्ता असतो, हे पुढचे वाक्य सांगितल्याशिवाय पहिले वाक्य अध्यापनाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे.

या मधल्या स्थितीला फार पूर्वीच नाव मिळाले आहे. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९७०च्या दशकात एमआयटी येथे सहकाऱ्यांसह क्लू ही भाषा घडवली. तिच्यातील हस्तांतरणाला त्यांनी ‘कॉल बाय शेअरिंग’ म्हटले : देणारा आणि घेणारा एकाच वस्तूचे सहभागीदार होतात, परंतु चल ज्याचे त्याच्याकडे राहतात. लिस्कोव्ह यांना २००८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला; त्यांनी दिलेले हे नाव मात्र परीक्षेच्या तक्त्यापर्यंत पोहोचले नाही. पायथनच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही आर्ग्युमेंट मूल्याने दिली जातात, परंतु ते मूल्य वस्तूचा निर्देश असते, असा खुलासा केलेला आहे. पायथनमध्ये यादीला ‘अधिक-बरोबर’ या चिन्हाने नवा घटक जोडला तर तीच यादी वाढते आणि बदल बाहेर दिसतो. तीच बेरीज सुटी लिहून तिचे उत्तर त्याच नावाला दिले तर नवी यादी तयार होते आणि बाहेरची यादी तशीच राहते. दोन ओळी दिसायला समानार्थी आहेत. दोन कप्प्यांच्या तक्त्यात या वर्तनाचे स्पष्टीकरण सापडणार नाही.

६. चुकीची किंमत

हा सर्व ऊहापोह शब्दच्छल वाटू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, एका वर्गातील पाच विद्यार्थ्यांचे गुण रोल क्रमांकानुसार पायथनच्या यादीत आहेत : ६२, ४८, ७५, ३९, ५५. मध्यक काढण्यासाठी लिहिलेल्या फंक्शनने ही यादी जागच्या जागी चढत्या क्रमाने लावली आणि मधली संख्या ५५ परत दिली. मध्यक अचूक आहे. पण बाहेरच्या यादीचाही क्रम आता ३९, ४८, ५५, ६२, ७५ असा झाला. यानंतर गुणपत्रके छापली तर ६२ गुण मिळवणारा पहिला विद्यार्थी ३९ गुणांनी अनुत्तीर्ण ठरेल, आणि ३९ गुणांचा चौथा विद्यार्थी ६२ गुणांनी उत्तीर्ण होईल.

विशेष म्हणजे कोणत्याही एकत्रित तपासणीत हा दोष सापडणार नाही. बेरीज तीच, सरासरी तीच, मध्यक तोच, उत्तीर्णांची टक्केवारीही तीच. फक्त गुण दुसऱ्याच्या नावावर गेले. प्रोग्रॅम थांबत नाही, तक्रार करीत नाही. चूक लक्षात येते ती एखादा विद्यार्थी आपली उत्तरपत्रिका मागतो तेव्हा. जागच्या जागी क्रम लावणाऱ्या ‘सॉर्ट’ऐवजी नवी यादी परत देणारे ‘सॉर्टेड’ वापरले असते, तर हा प्रसंग टळला असता. पण त्यासाठी यादी सहभागात आहे, याची जाणीव असावी लागते.

हेच काम आर भाषेत केले असते तर बाहेरची यादी सुरक्षित राहिली असती. तेथे फंक्शनला दिलेल्या सदिशात आत बदल केला तरी मूळ सदिश बदलत नाही. सांख्यिकीचा अध्यापक आरमधून पायथनकडे वळतो तेव्हा हा फरक त्याला बाधू शकतो. नमपाय वापरणाऱ्या भौतिकशास्त्राच्या संशोधकालाही सावध राहावे लागते : पायथनच्या साध्या यादीचा तुकडा घेतला की नवी यादी मिळते, तर नमपायच्या ॲरेचा तसाच तुकडा घेतला की मूळ ॲरेकडेच पाहणारी खिडकी मिळते. म्हणजे हा विषय केवळ संगणकशास्त्र विभागाचा राहिलेला नाही. आकडेमोड करणाऱ्या प्रत्येक विभागाचा आहे.

७. हेतू आणि खर्च

तक्त्यातील तिसरे विधान मेमरी व वेळ यांचे आहे. आज सर्रास आढळणाऱ्या ६४ बिटांच्या यंत्रांवर सी मधील पूर्णांक सामान्यतः ४ बाइटांचा, तर पत्ता ८ बाइटांचा असतो. म्हणजे एका संख्येपुरते पाहिले तर पत्ता पाठवणेच महाग पडते. शिवाय आर भाषेत मूल्यपद्धतीचे वर्तन मिळत असले, तरी प्रत लगेच काढली जात नाही. बदल करण्याची वेळ येते तेव्हाच काढली जाते. फंक्शनने केवळ वाचन केले तर प्रत निघतच नाही. यावरून वर्तन आणि खर्च या स्वतंत्र गोष्टी आहेत, हे उघड होते. तक्त्यातील विधान मोठ्या स्ट्रक्चरच्या बाबतीत खरे आहे. सरसकट खरे नाही.

या दोन गोष्टींची गल्लत जुनी आहे. १९५८ सालच्या फोर्ट्रान दोनपासून सबरूटीनला पत्ते देण्याची प्रथा पडली. त्यातून एक प्रसिद्ध विकृती उद्भवली : सुरुवातीच्या काही कंपायलरांमध्ये सबरूटीनला २ हा स्थिरांक देऊन आत पॅरामीटर बदलला, तर पुढे प्रोग्रॅममध्ये जेथे जेथे २ लिहिले आहे तेथे भलतेच मूल्य येऊ शकत असे. पीटर नाउर यांनी संपादित केलेल्या अल्गोल ६० च्या अहवालात मूल्यपद्धती होती, रेफरन्स पद्धती नव्हती. दुसरी पद्धती ‘कॉल बाय नेम’ ही होती. तिच्यात आर्ग्युमेंटची पदावली प्रत्येक वापराच्या वेळी नव्याने काढली जाई. त्यामुळे एक क्रमांक आणि त्याच क्रमांकावरील ॲरेचा घटक यांची अदलाबदल करू पाहणारे साधे फंक्शन फसत असे, कारण क्रमांक बदलताच घटकही दुसरा होई. म्हणजे उगमाशीच ही द्विभागणी सर्वमान्य नव्हती.

निकलॉस विर्थ यांच्या १९७० सालच्या पास्कलने मूल्य आणि ‘व्हार’ अशी सुटसुटीत विभागणी केली. तथापि मोठा ॲरे प्रत न काढता द्यायचा असेल, तर त्यात बदल करावयाचा नसतानाही ‘व्हार’ लिहावे लागे. खर्चासाठी घेतलेली सवलत हेतूविषयी खोटे सांगत असे. यावरचा उपाय १९८३ सालच्या एडा भाषेने सुचवला. तेथे प्रोग्रॅमर हेतू सांगतो : माहिती आत येणार, बाहेर जाणार की दोन्ही. ॲरे व रेकॉर्डच्या बाबतीत प्रत काढावी की पत्ता द्यावा, हे त्या प्रमाणाने कंपायलरवर सोपवले. फोर्ट्रान ९० नेही हेतू नोंदवण्याची अशीच सोय केली.

भाषा आपले उत्तर बदलूही शकतात. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये काहीही न लिहिल्यास रेफरन्स पद्धती गृहीत धरली जाई. २००२ सालच्या व्हिज्युअल बेसिक डॉट नेटने ते उलटवून मूल्यपद्धती गृहीत धरली. पीएचपी ४ मध्ये वस्तू दिली की तिची प्रत होई. २००४ सालच्या पीएचपी ५ पासून वस्तूचा निर्देशक जाऊ लागला. ज्याने तक्ता पाठ केला त्याचे ज्ञान अशा वेळी कालबाह्य होते. ज्याला दोन प्रश्न ठाऊक आहेत, तो नव्या आवृत्तीलाही तेच विचारतो.

८. संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जाईल, की प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला एवढा काटेकोरपणा झेपणार नाही. आधी ढोबळ कल्पना द्यावी, बारकावे मागाहून यावेत. या म्हणण्यात तथ्य आहे. अध्यापनात सुलभीकरण अपरिहार्य असते. परंतु सुलभीकरण आणि विपर्यास यांत भेद केला पाहिजे. ज्यावर पुढे भर घालता येते ते सुलभीकरण. जे पुढे पुसून टाकावे लागते तो विपर्यास. ‘सी मध्ये नेहमी प्रत जाते, पत्ता दिला तर पत्त्याची प्रत जाते’ हे वाक्य तक्त्यापेक्षा अवघड नाही, आणि साखळी यादीच्या प्रात्यक्षिकात ते पुसावे लागत नाही.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. विद्यापीठाच्या परीक्षेत जे विचारले जाते तेच शिकवावे लागते. वेगळे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण जाण्याची भीती असते. ही भीती निराधार नाही. ‘सी मध्ये खरी रेफरन्स पद्धती नाही’ असे अचूक उत्तर लिहिणाऱ्याला नमुना उत्तराशी न जुळल्याने कमी गुण मिळणे, ही शक्यता नाकारता येत नाही. म्हणूनच सुधारणेचा आरंभ एकट्या वर्गातून होणार नाही. प्रश्नपत्रिका आणि नमुना उत्तरे तयार करणाऱ्यांनीही त्यात सहभागी व्हावे लागेल.

तिसरा आक्षेप असा, की सी मध्ये पॉइंटर देऊन जो परिणाम साधला जातो त्याला सैल अर्थाने रेफरन्स पद्धती म्हणण्यास हरकत नाही. अनुभवी व्यावसायिकही तसे म्हणतात. अनुभवी व्यक्ती सैल बोलते तेव्हा काटेकोर अर्थ तिच्या मनात असतो. विद्यार्थ्याजवळ सैल शब्दाखेरीज दुसरे काहीच नसते. व्यावसायिकाची मुभा म्हणूनच पाठ्यपुस्तकाला देता येत नाही.

९. निष्कर्ष व सूचना

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी मांडता येतात.

एक, प्रचलित तक्त्याचा दोष त्यातील एखाद्या विधानापुरता नाही. दोन प्रश्नांची एकाच शब्दाने केलेली गाठ हा त्याचा दोष आहे. विधाने दुरुस्त करून तो सुधारणार नाही. पॅरामीटर नवा कप्पा की दुसरे नाव, आणि कप्प्यात मूल्य की पत्ता, हे प्रश्न स्वतंत्रपणे शिकवणे आवश्यक आहे.

दोन, प्रत्येक भाषेच्या अध्यापनात दोन कसोट्या जोडीने करून दाखवाव्यात. आत पॅरामीटरला नवे मूल्य द्यावे आणि बाहेर काय दिसते ते पाहावे; मग आतून वस्तूच्या पोटात बदल करावा आणि पुन्हा बाहेर पाहावे. पहिल्या कसोटीचा बदल बाहेर दिसला तरच ती रेफरन्स पद्धती. केवळ दुसऱ्या कसोटीचा दिसला तर तो वस्तूतील सहभाग. एका तासिकेत, फळ्यावर कप्पे व बाण काढून, हे करता येते.

तीन, ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाऐवजी आठ-दहा ओळींचा प्रोग्रॅम देऊन ‘बाहेर काय छापले जाईल ते सकारण लिहा’ असे विचारावे. अशा प्रश्नाचे उत्तर पाठ करता येत नाही, आणि त्याच्या नमुना उत्तराविषयी मतभेदही राहत नाहीत. यंत्रच निवाडा देते.

चार, फंक्शन आपल्याला दिलेली वस्तू बदलते की नाही, ही नोंद त्याच्या आरंभी लिहिण्याची सवय पहिल्या वर्षापासून लावावी आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत तिला गुण ठेवावेत. भाषेने हेतू नोंदवण्याची सोय दिली नसेल तेथे ही एक ओळच तिचे काम करते.

चार ओळींचा तक्ता तपासायला सोपा आहे, हे त्याच्या दीर्घायुष्याचे खरे कारण दिसते. पण परीक्षकाची सोय आणि विद्यार्थ्याची समज यांत निवड करावयाची झाली, तर कोणाच्या बाजूने उभे राहावे याविषयी अध्यापकाच्या मनात संदेह असू नये.